सॅम्पल साईझ किती, मॅडम?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत राज्यशास्त्र घेऊन बीए-एमए केल्यावर पुढे काय, असा अर्धं पान लेख होता. मी राज्यशास्त्रच शिकवते त्यामुळे हातातला चहा बाजूला ठेवून आधी तोच वाचला. एमपीएससी-यूपीएससी आलं, पत्रकारिता आली, पक्षांच्या वॉर रूम आल्या, सर्व्हेवाले आले, एनजीओ आल्या आणि सगळ्यात शेवटी "अध्यापन व संशोधन" अशी दीड ओळ. त्या दीड ओळीत जो माणूस राहतो ना, त्याच्याबद्दल हे पत्र आहे. राजकीय सिद्धांतकार. पोलिटिकल थिअरिस्ट म्हटलं की जरा वजन येतं, पण माणूस तोच.

आपल्याकडे थिअरी हा शब्दच मुळात बदनाम आहे. "थिअरीत ठीक आहे हो, प्रॅक्टिकलचं बोला" हे आपण दिवसातून दोनदा तरी ऐकतो, आणि कॉलेजात थिअरी पेपर म्हणजे हॉब्ज-लॉक-रूसो हे पाश्चात्य विचारवंत गाईडमधून पाठ करून ओकायचा पेपर. निवडणुकीच्या दिवशी टीव्हीवर बसून कोणाला किती सीटा ते सांगतो तो विश्लेषक, त्याला सगळे ओळखतात. सिद्धांतकाराला त्या खुर्चीत बसवलं तर तो आधी विचारेल की प्रतिनिधी म्हणजे नक्की काय हो, माझ्या वतीने दुसरा कोणी बोलतो म्हणजे काय होतं, आणि तेवढ्यात अँकर ब्रेक घेईल. पण तो जे विचारतो ते कुणीतरी विचारायला हवंच की. न्याय, मान, अपमान, समता, हक्क हे शब्द आपण रोज भाषणात आणि व्हॉट्सॲपवर फेकतो, त्यांच्या आत काय भरलंय ते उघडून बघणं हे त्याचं काम.

उदाहरण म्हणून प्लेटोबिटो देत नाही, आपल्यातलंच देते. गोपाळ गुरू. तुमच्या वाचकांपैकी किती जणांना नाव माहिती असेल मला शंका आहे, आणि त्यात वाचकांचा दोष नाही. पुणे विद्यापीठात शिकवलं, मग दिल्ली विद्यापीठ, मग जेएनयूत राज्यशास्त्राचे प्राध्यापक, आणि २०१८ पासून काही वर्षं मुंबईतून निघणाऱ्या इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीचे संपादक. सामाजिक शास्त्रांचं साप्ताहिक, ईपीडब्ल्यू म्हणतो आम्ही त्याला. आमच्या क्षेत्रात त्यात एक लेख छापून आला तर लोक पेढे वाटतात, तर त्याचं संपादकपद म्हणजे काय ते समजून घ्या. करिअर म्हणून सांगायचं तर एवढंच, चार ओळीत संपलं. सिद्धांतकाराचं करिअर असंच असतं, बाहेरून बघितलं तर काहीच घडत नाही. माणूस वर्गात जातो, वर्गातून येतो, लिहितो. जे घडतं ते त्या लिहिण्यात.

१९९५ साली त्यांनी ईपीडब्ल्यूत एक छोटा लेख लिहिला, दलित स्त्रिया वेगळं बोलतात अशा अर्थाचं त्याचं शीर्षक. त्याच वर्षी नॅशनल फेडरेशन ऑफ दलित विमेन उभं राहिलं होतं आणि लोक विचारत होते की ही वेगळी चूल कशाला, स्त्रियांची चळवळ आहे की, दलितांची चळवळ आहे की. गुरूंचं म्हणणं असं की या बायका वेगळं बोलतात कारण एकीकडे बाहेरचे लोक त्यांचा प्रश्न "सगळ्या स्त्रियांचा प्रश्न" म्हणून सपाट करून टाकतात आणि दुसरीकडे घरातली, आपल्याच समाजातली पुरुषसत्ता त्यांना बोलू देत नाही. म्हणजे कोण बोलतंय आणि कुठून बोलतंय यावरून बोलण्याची किंमत ठरते का, हा प्रश्न. आज सोशल मीडियावर "हिला बोलायचा अधिकार काय" वगैरे जे रोज चालतं त्याचं मूळ इतकं व्यवस्थित मांडलेलं मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

आणि मजा म्हणजे त्यांना उत्तर दिलं पुण्यातूनच, समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी, १९९८ मध्ये, त्याच नियतकालिकात, गुरूंच्याच शीर्षकाला पुढे शेपूट जोडून. रेगे बाई म्हणाल्या की फरक आहे हे मान्य, पण नुसता फरक म्हणून थांबलो तर प्रत्येकाने आपापल्यापुरतं बोलायचं आणि बाकीच्यांनी माना डोलावून घरी जायचं असं होईल. दलित स्त्रीच्या जागेवरून जग बघायला बाकीच्यांनीही शिकावं लागेल, त्यासाठी स्वतःला बदलावं लागेल. रेगे २०१३ मध्ये गेल्या. हे दोन लेख शेजारी शेजारी ठेवून मी दरवर्षी एमएच्या मुलांना शिकवते आणि दरवर्षी वर्गाचे दोन गट पडतात, एकदा तर तास संपल्यावर पोरं व्हरांड्यात भांडत होती आणि प्राचार्यांना वाटलं की विद्यार्थी संघटनांचं काहीतरी चालू आहे. मला तेव्हा मनातून फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण ज्या लेखाने माझी झोप उडवली तो २००२ चा. भारतातली सामाजिक शास्त्रं स्वतः कितपत समतावादी आहेत, असा सरळ प्रश्न. त्यात गुरूंनी म्हटलंय की आपल्या विद्यापीठांत दोन जाती पडल्यात, थिअरी करणारे ब्राह्मण आणि माहिती गोळा करणारे शूद्र. एकजण वर बसून संकल्पना घडवणार, दुसरा खाली उन्हातान्हात फिरून आकडे, मुलाखती, फॉर्म गोळा करून त्याच्या पायाशी आणून ठेवणार. आता हे शब्द जन्मावरून कोणाला शिवी द्यायला वापरलेले नाहीत, ती कामाची वाटणी आहे, पण वाटणी कोणत्या रेषेवरून झालीय ते कोणत्याही डिपार्टमेंटच्या कॉरिडॉरमध्ये उभं राहून बघा.

त्याच लेखात ते आपल्याच लोकांनाही सोडत नाहीत हे मला जास्त आवडलं. दलित समाजातली हुशार पोरं थिअरीकडे का वळली नाहीत, तर नोकरीची घाई, राजकारणाचं आकर्षण, आणि त्यात एक गोष्ट ते म्हणतात जी महाराष्ट्रात म्हणायला धाडस लागतं, की कविता हा थिअरीला पर्याय नाही. आपल्याकडे १९७२ मध्ये दलित पँथर ही संघटना आली, त्याच वर्षी गोलपिठा हा कवितासंग्रह आला, त्यात नामदेव ढसाळांनी मराठी भाषाच उलटीपालटी केली, आत्मकथनांची रांग लागली, हे सगळं थोरच. पण कविता तुम्हाला प्रतिमा देते, आणि प्रतिमा ऐकून समोरचा वा वा म्हणून टाळ्या वाजवून जाऊ शकतो. संकल्पना समोर ठेवली की त्याला खोडावी तरी लागते नाहीतर मान्य तरी करावी लागते. मला हे पूर्ण पटलंय असं नाही, ढसाळ वाचताना अनेकदा वाटतं की अरे हीच थिअरी आहे, पण मुद्दा बोचतो. वेदना सांगायला आम्हाला स्टेज मिळतं, त्या वेदनेचा अर्थ लावायला मात्र दुसरेच लोक येतात.

आता माझं सांगते, कारण त्याशिवाय हे पत्र लिहायचं कारण कळणार नाही.

मी पीएचडीला नाव घातलं तेव्हा नुकतंच गुरूंनी संपादित केलेलं अपमान या विषयावरचं पुस्तक वाचलं होतं, २००९ मध्ये आलेलं. डोक्यात किडा वळवळायला लागला. अपमान म्हणजे काय? दुखापत आणि अपमान यात फरक काय, गरिबी आणि अपमान यात फरक काय, समोरच्याने अपमान केला आणि मला तो लागलाच नाही तर तो झाला का? मराठी संतकवितेपासून फुले-आंबेडकरांपर्यंत या एका शब्दाचं काय काय होत गेलं यावर सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, लिहिला. संपूर्ण सैद्धांतिक. आणि गेले आरआरसीसमोर.

ज्यांना आरआरसी माहीत नाही त्यांच्यासाठी, ही ती कमिटी जी तुमचा विषय मंजूर करते. लांब टेबल, त्यावर पांढरा कपडा, बिस्किटांच्या प्लेटा, आणि बाहेर फाईल छातीशी धरून बसलेले तीसेक उमेदवार. माझा नंबर जेवणानंतर आला. एका सरांनी सिनॉप्सिस चाळला, चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "सॅम्पल साईझ किती, मॅडम?" म्हणजे पाहणीत किती माणसं घेणार. मी म्हटलं सर, हा संकल्पनेचा अभ्यास आहे, सॅम्पल नाही. "मग डेटा कुठून आणणार?" मी म्हटलं ग्रंथ, सर. ते हसले. मग पहिलं पान परत उघडून त्यांनी माझं आडनाव मोठ्याने वाचलं आणि एकदम आवाज मऊ करून म्हणाले की बघा, हे फार ॲबस्ट्रॅक्ट होतंय, त्यापेक्षा तुमच्या तालुक्यातल्या वस्त्यांवरच्या महिलांचा सर्व्हे घ्या ना, तुम्हाला तिथे ॲक्सेस आहे, लोक तुमच्याशी मोकळेपणाने बोलतील, छान काम होईल. माझ्या आधी आत गेलेल्या मुलाचा विषय स्वातंत्र्याची संकल्पना असा होता. त्याला सॅम्पल विचारलं नव्हतं, मी बाहेर आल्यावर त्याला मुद्दाम विचारून घेतलं.

ते सर वाईट नव्हते हो. खरंच माझं भलं बघत होते, हेच तर सगळ्यात अवघड आहे.

मी विषय बदलला. सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवत होते, तासाचे पैसे, सुट्टीचे नाहीत, पीएचडी झाल्याशिवाय पुढे काही हलणार नव्हतं. बत्तीस प्रश्नांची प्रश्नावली केली आणि वस्त्यांवर फिरले. प्रश्न क्रमांक १४ असा होता, "गेल्या वर्षभरात सार्वजनिक ठिकाणी आपला अपमान झाला आहे काय? हो / नाही / सांगता येत नाही." एका वस्तीवर एक बाई तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या, वय साठीच्या पुढे असेल. तेरा प्रश्न पटापट झाले. चौदाव्याला त्या थांबल्या. शेंग हातात तशीच. म्हणाल्या,

"मान आसल त्येचा अपमान व्हतो, बाई. आमाला मान हाय ह्ये आमाला कळलं कवा, तर पोरगी शाळंत जायला लागली तवा. घरी यून म्हनली, आई, मला मागं का बसवत्यात. तवा मला उमगलं, मला बी मागंच बसवायचे. त्येच्या आदी जे व्हतं ते नुस्तं व्हतं."

मी पेन्सिलीने समासात लिहून घेतलं, जेवढं जमलं तेवढं. घरी येऊन पुन्हा वाचलं तर अंगावर काटा आला, कारण गुरूंच्या त्या पुस्तकाचा गाभा हाच आहे की अपमान हा नुसत्या हलाखीपेक्षा वेगळा असतो, तो जाणवायला आधी माणसाचा स्वतःबद्दल काही दावा असावा लागतो, स्वतःच्या किमतीची जाण असावी लागते. पुस्तकाच्या नावातच दावा हा शब्द आहे. त्या बाईंनी ते पुस्तक वाचायचा प्रश्नच नाही. पण "नुस्तं व्हतं" या दोन शब्दांत त्यांनी जे केलं ती थिअरी नाही तर काय आहे? अनुभव सांगितला नाही त्यांनी फक्त, अनुभवाला नाव कधी मिळतं आणि नाव मिळायच्या आधी तो काय असतो हे सांगितलं.

पुढचं ऐका. डेटा एन्ट्रीला एक मुलगा घेतला होता, हो म्हणजे १, नाही म्हणजे २, सांगता येत नाही म्हणजे ३. त्याने तो फॉर्म काढला आणि विचारलं, "ताई, हिने तर काहीच टिक केलं नाही, ३ टाकू?" मी म्हटलं टाक. त्या सगळ्या सर्व्हेत ज्या एका बाईला सगळ्यात नीट सांगता आलं होतं ती माझ्या प्रबंधात "सांगता येत नाही" मध्ये बसलीय. टेबल नंबर ४.६. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्या टेबलाचं कौतुक केलं.

असो. तर गुरूंच्या २००२ च्या लेखाला पुढे उत्तर दिलं सुंदर सरुक्काई यांनी, हे फिजिक्स करून फिलॉसॉफीकडे आलेले गृहस्थ. त्यांनी विचारलं की अनुभव ज्याचा त्यानेच त्याची थिअरी करावी का, अनुभवाचा मालक आणि अनुभवाचा लेखक एकच असतो का? आणि जगलेला अनुभव म्हणजे असा की ज्यातून उठून निघून जायची सोय नसते. मी वस्तीवर दिवसभर बसले तरी संध्याकाळच्या एसटीने घरी येते, त्या बाईंना एसटी नाही. या दोघांचा वाद इतका रंगला की २०१२ मध्ये त्याचं दोघांनी मिळून पुस्तक केलं, आणि २०१९ मध्ये आणखी एक, त्यात तर जात ही कशी वासातून, स्पर्शातून, आवाजातून, रोजच्या साध्या गोष्टींतून अनुभवाला येते यावर लिहिलंय. भांडून झाल्यावर एकत्र पुस्तक लिहिणारे दोन प्राध्यापक तुम्ही पाहिलेत का? मी तरी एकत्र पुस्तक लिहून मग भांडलेलेच पाहिलेत.

सरुक्काईंचा अस्पृश्यतेवरचा एक मुद्दा सांगते, कारण तो मराठी माणसाला इंग्रजी वाचणाऱ्यापेक्षा लवकर कळेल. ते म्हणतात की न शिवण्याची अट मुळात उच्चवर्णीयाने स्वतःवर घालून घेतलेली आहे, ती त्याच्या स्वतःच्या ओळखीला लागते, आणि मग तिचं ओझं त्याने दुसऱ्याच्या अंगावर टाकून दिलं. आता आठवा, आपल्याकडे सोवळं नेसलेली आजी काय म्हणायची? "शिवू नका मला." अस्पर्श कोण आहे त्या क्षणाला? आजीच. मी हे वर्गात सांगितलं तर एक मुलगी, चांगल्या सुखवस्तू घरातली, म्हणाली मॅडम, आमच्याकडे अजून असं म्हणतात, मी कधी उलट बाजूने विचारच केला नव्हता. एक शब्द, सोवळं, आणि अख्खी थिअरी त्यात पडून होती, फक्त कोणी उचलली नव्हती.

म्हणून मला वाटतं की आपण मराठीत सिद्धांत नाहीत नाहीत म्हणून रडतो ते खरं नाही. फुल्यांनी १८७३ मध्ये गुलामगिरी लिहिलं, ते काय फक्त तक्रारपत्र होतं? ताराबाई शिंद्यांची स्त्रीपुरुष तुलना १८८२ ची. बाबासाहेबांनी १९१६ मध्ये न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात जातींवर निबंध वाचला तेव्हा वय पंचवीस, आणि त्यात ते जातीच्या अत्याचाराचे किस्से सांगत बसले नाहीत, जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावण्यावर, आणि जात म्हणजे दारं बंद करून घेतलेला वर्ग, अशी मांडणी केली. शुद्ध थिअरी. पण आपण त्यांना घटनेचे शिल्पकार म्हणतो, दलितांचे कैवारी म्हणतो, जयंतीच्या पुरवणीत निळ्या बॉर्डरमध्ये छापतो, पण पोलिटिकल थिअरिस्ट म्हणून शिकवतो का? आमच्या सिलॅबसमध्ये पाश्चात्य विचारवंत हा एक पेपर आणि भारतीय विचारवंत हा दुसरा, आणि मुलांना न सांगताच कळतं की पहिल्यात थिअरी आहे आणि दुसऱ्यात चरित्रं. गुरूंनी एका लेखात बाबासाहेबांच्या वृत्तपत्राचं नाव उचललं, बहिष्कृत भारत, १९२७ चं, आणि त्याच्यासमोर शब्द ठेवला पुरस्कृत भारत. झालं, दोन शब्दांत देश उभा चिरला. पेपरचं नाव होतं हो ते, तुमच्यासारख्याच एका संपादकाने दिलेलं, आणि त्यातून संकल्पना निघाली.

माझी एकच तक्रार गुरूंबद्दलही आहे, ती लिहिते म्हणजे नुसती आरती ओवाळली असं व्हायला नको. हे वर सांगितलेलं सगळं इंग्रजीत आहे, आणि साधंसुधं इंग्रजी नाही, एकेक वाक्य चार वेळा वाचावं लागतं. ज्यांनी थिअरी करावी म्हणून २००२ चा लेख लिहिला, त्यांच्यातल्या माझ्या वर्गातल्या मुलांपर्यंत तो माझ्या हाताने लिहिलेल्या नोट्समधून पोचतो, आणि माझ्या नोट्समध्ये माझ्या चुका असणारच. एका मुलाने मला विचारलं होतं की मॅडम, थिअरी करायची तर आधी इंग्लिश स्पीकिंगचा क्लास लावू का? काय उत्तर देणार. मी म्हटलं लाव, पण तुझ्या आज्जीला काय म्हणायचं असतं तेही लिहून ठेव.

संपादक साहेब, तुम्हाला विनंती एवढीच की करिअरच्या पुढच्या लेखात त्या दीड ओळीच्या जागी चार ओळी टाका आणि त्यात लिहा की असंही काम असतं, अपमान म्हणजे काय याचा विचार करायचा पगार मिळतो, फार नाही मिळत आणि उशिरा मिळतो, पण मिळतो. आणि आमच्याकडचे जे लोक कमिट्यांवर बसतात त्यांच्यापैकी कोणी हे वाचत असेल तर पुढच्या वेळी वस्तीवरून आलेली एखादी मुलगी न्याय, मान, मैत्री असलं काही घेऊन आली तर तिला सॅम्पल साईझ विचारण्याआधी तिच्या शेजारी बसलेल्या मुलालाही विचारा.

पत्र फार लांबलंय याची कल्पना आहे, जागेअभावी कात्री लागेल हेही माहिती आहे. कापायचंच असेल तर माझं आरआरसीचं रडगाणं कापा, १९९५ आणि २००२ पण एकवेळ गाळा. त्या बाईंचं बोलणं मात्र जसंच्या तसं छापा, प्रमाणभाषेत दुरुस्त करू नका. एकदा मी ३ आकडा टाकलाय त्यावर, आता पुन्हा नको.

आपली वाचक,
राज्यशास्त्राची एक शिक्षिका
(नाव छापू नये, अजून कायम झालेले नाही)